मोजलं कोणी, ऐकलं कोणी : स्पुतनिक-३ आणि हुकलेल्या शोधाचं प्रकरण

सोव्हिएत अंतराळविज्ञानाच्या पहिल्या दिवसांचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. १९५८ चा मे महिना. स्पुतनिक-३ हा १,३२७ किलो वजनाचा उपग्रह बारा वैज्ञानिक उपकरणं घेऊन उडाला. त्याच्यावरचा टेप रेकॉर्डर मात्र जमिनीवर असतानाच कुरकुरत होता आणि वर गेल्यावर तो चाललाच नाही. त्यामुळे पृथ्वीला वेढून असलेले प्रारण पट्टे रशियनांच्या हातून निसटले, आणि आज जगभर ते अमेरिकेच्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या नावाने ओळखले जातात. एका फितीने घात केला, असं म्हणून सांगणारा उसासा टाकतो.

किस्सा रंगतदार आहे, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. व्हॅन ॲलन यांनी आपला शोध वॉशिंग्टनमध्ये जाहीर केला १ मे १९५८ रोजी. स्पुतनिक-३ उडाला १५ मे रोजी. म्हणजे रेकॉर्डर ठणठणीत असता तरी तो वरातीमागून निघालेलं घोडंच ठरला असता. शोध हुकला असेल तर त्याच्या आधी, आणि वेगळ्याच जागी. ती जागा कोणती, आणि मग रेकॉर्डर बिघडल्याने खरं नुकसान कशाचं झालं, हे दोन प्रश्न या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटतात.

पट्टे कसे आणि कुठे

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना धरून ठेवतं. असा कण बलरेषेभोवती गिरक्या घेत एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धाकडे जातो. खाली येताना क्षेत्र तीव्र होत जातं, तिथून तो मागे परततो, आणि ही येरझार चालू असतानाच पृथ्वीभोवती हळूहळू सरकतही राहतो. अशा असंख्य कणांचे मिळून दोन पट्टे झालेले आहेत. डोक्यावर हंडा घेताना खाली कापडाची चुंबळ ठेवतात, तिचा आकार आठवा. पृथ्वीच्या पोटाभोवती बसवलेल्या अशा दोन चुंबळी, आतली लहान आणि बाहेरची मोठी. आतल्या पट्ट्यातला मुख्य ऐवज म्हणजे प्रचंड ऊर्जेचे प्रोटॉन, तर बाहेरचा पट्टा मुख्यतः इलेक्ट्रॉनांचा.

दोन तपशील ध्यानात ठेवले तर पुढची सगळी गोष्ट उलगडते. आतला पट्टा साधारण १,००० किलोमीटर उंचीच्या आसपास सुरू होतो आणि तो विषुववृत्ताकडच्या भागात असतो. अपवाद दक्षिण अटलांटिकचा. तिथे चुंबकीय क्षेत्र दुबळं असल्यामुळे तो काहीशे किलोमीटरपर्यंत खाली झुकलेला आहे. (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा हात लागलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची उपकरणंसुद्धा त्या टापूतून जाताना बंद ठेवावी लागत.) बाहेरचा पट्टा विषुववृत्तावर हजारो किलोमीटर उंच असतो, पण त्याच्या कडा बलरेषांबरोबर वाकत ६० अंश अक्षांशाच्या आसपास शिंगांसारख्या खाली येतात. त्यामुळे कमी उंचीवरून उडणाऱ्या उपग्रहालाही उत्तरेकडे त्याची चाहूल लागते. आतला पट्टा गाठायचा तर मात्र दक्षिणेकडे जायला हवं आणि उंचही जायला हवं.

जो आधी जायचा होता तो तिसरा गेला

स्पुतनिक-३ चं जन्मनाव ‘ऑब्जेक्ट डी’. सोव्हिएत सरकारने ३० जानेवारी १९५६ रोजी ज्या उपग्रहाचा आदेश काढला तो हा. वैज्ञानिक बाजू गणितज्ञ मस्तिस्लाव्ह केल्डिश यांच्याकडे आणि रॉकेट व उपग्रह सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या कचेरीकडे, अशी वाटणी होती. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायचं आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष १ जुलै १९५७ ला सुरू होणार होतं. वातावरणाचा दाब, आयनांबरातले (वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरातले) आयन, चुंबकीय क्षेत्र, विश्वकिरण म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, सूर्याकडून येणारे कण, उल्काधूळ हे सगळं एकाच उपग्रहावरून मोजायचं, असा बेत होता. कक्षेत याआधी कोणी काहीच पाठवलेलं नसताना पहिल्याच खेपेला एवढा संसार बांधायचा, हे धाडस म्हणावं की हव्यास, यावर माझं मत अजून पक्कं होत नाही.

घोडं दोन ठिकाणी अडलं. उपकरणं वेगवेगळ्या संस्थांकडून यायची होती, ती वेळेत येईनात. शिवाय रॉकेटच्या इंजिनांची कामगिरी कागदावर धरली होती तेवढी प्रत्यक्षात भरेना. अमेरिका आधी पोचेल या धास्तीने कोरोल्योव्ह यांनी १९५७ च्या सुरुवातीला सुचवलं की मोठा उपग्रह बाजूला ठेवू आणि आधी एक साधा गोळा वर पाठवू. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी गेला तो हाच. ८३.६ किलो वजन, ५८ सेंटिमीटर व्यास, चार अँटेना आणि एक प्रेषक. त्याच्या बीप-बीपमधून आणि हळूहळू घसरत जाणाऱ्या कक्षेतून आयनांबर आणि वरच्या हवेच्या घनतेबद्दल बरंच कळलं हे खरं. पण कण मोजणारं एकही उपकरण त्याच्यावर नव्हतं. आधी बातमी वर गेली, विज्ञानाची पाळी मागाहून आली.

महिनाभरात दुसरा गेला. क्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला होता आणि सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांना त्याआधी काहीतरी नवं हवं होतं. ३ नोव्हेंबरला लायका कुत्रीला घेऊन ५०८ किलोचा स्पुतनिक-२ कक्षेत पोचला. जगाचं लक्ष त्या बिचाऱ्या कुत्रीकडे होतं. त्याच उपग्रहावर सेर्गेई व्हेर्नोव्ह यांची दोन गायगर गणित्रं, म्हणजे कण मोजणारी उपकरणं होती, याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

व्हेर्नोव्ह आणि सिडनीची फीत

या प्रकरणात मला सर्वांत जास्त रस आहे तो या माणसात. व्हेर्नोव्ह विश्वकिरणांचे अभ्यासक, मॉस्को विद्यापीठाच्या अणुभौतिकी संस्थेतले. १९३० च्या दशकात, अगदी तरुण वयात, त्यांनी फुग्याला गणित्र बांधून त्याची मोजणी रेडिओने जमिनीवर उतरवून घेतली. तोवर फुगा खाली पडायचा, मग तो शोधायचा, मग नोंद वाचायची असा कारभार होता. मोजणारं यंत्र एकीकडे आणि ऐकणारा माणूस दुसरीकडे ही कल्पना त्यांनी फार लवकर राबवली. इतकंच नव्हे, चुंबकीय क्षेत्रामुळे विश्वकिरण अक्षांशानुसार कसे बदलतात हे पाहायला ते त्याच दशकात जहाजाने विषुववृत्ताकडे गेले आणि समुद्रावरून फुगे सोडून तिथेच बसून त्यांनी संकेत ऐकले.

वीस वर्षांनंतर त्याच माणसाचं उपकरण पृथ्वीला प्रदक्षिणा घालत होतं आणि या वेळी ऐकायला विषुववृत्ताकडे कोणीच नव्हतं.

स्पुतनिक-२ ची कक्षा लंबगोल होती. पृथ्वीपासूनचं किमान अंतर सुमारे २२५ किलोमीटर, कमाल सुमारे १,६७० किलोमीटर. पृथ्वीजवळचा टप्पा सोव्हिएत भूमीच्या बाजूला उत्तर गोलार्धात आणि दूरचा टप्पा दक्षिण गोलार्धात. व्हेर्नोव्ह यांच्या गणित्रांसाठी फीत नव्हती. उपग्रह मोजत जाणार, त्याच क्षणी सांगत जाणार, आणि खाली कोणी ऐकत असेल तेवढंच हाती लागणार. सोव्हिएत केंद्रं सगळी सोव्हिएत जमिनीवर होती. म्हणजे उपग्रह पट्ट्याखालून जाताना त्याचं बोलणं ऐकू येई, आणि पट्ट्यात शिरून आकडे भडकू लागले की तो क्षितिजापलीकडे गेलेला असे. त्याने पट्टा मोजला यात शंका नाही. ती मोजणी दक्षिणेच्या समुद्रांवर विरून गेली.

तरीही एक धागा हाताला लागला होता. ७ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या वर्धापनदिनी, ६० अंशांच्या आसपासच्या अक्षांशांवरून जाताना गणित्रांचे आकडे सुमारे ५० टक्क्यांनी चढले. व्हेर्नोव्ह आणि त्यांचे सहकारी नौम ग्रिगोरोव्ह, युरी लोगाचेव्ह, अलेक्सांद्र चुडाकोव्ह यांना वाटलं, सूर्याकडून कणांची झड आली असावी. आज आपण तो आलेख पाहून चटकन म्हणतो की बाहेरच्या पट्ट्याचं शिंग तिथे लागलं असणार. पण पट्टा नावाची चीजच ठाऊक नसलेल्या माणसाने काय म्हणावं? सूर्याचं कारण तेव्हा अगदी वाजवी होतं. दक्षिणेकडची मोजणी शेजारी असती तर मात्र ते टिकलं नसतं.

ती मोजणी पृथ्वीवर अजिबात नव्हती असंही नाही. सिडनी विद्यापीठात हॅरी मेसेल यांच्या गटाने स्पुतनिक-२ चे संकेत टिपून ठेवले होते. मेसेल यांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्या नोंदी मागितल्या. ऑस्ट्रेलियनांनी विचारलं, संकेतांचा अर्थ कसा लावायचा ते सांगा, मग देतो. मॉस्कोहून सांकेतिक रचना उघड करायची परवानगी मिळेना. एकाकडे पेटी, दुसऱ्याकडे किल्ली, आणि दोघंही आपापल्या जागी घट्ट. हा वाद मिटेपर्यंत त्या नोंदींची किंमत संपली होती.

माझ्या मते शोध हुकला तो इथे. प्रेषकाच्या वारंवारता सोव्हिएत संघाने जगाला आनंदाने सांगितल्या होत्या, कारण हौशी रेडिओवाल्यांनी बीप ऐकावी अशी इच्छाच होती. त्या बीपमध्ये काय लिहिलंय ते मात्र सांगायचं नव्हतं. सगळ्यांनी ऐकावं पण कोणाला काही कळू नये, या धोरणाने प्रचार साधला. विज्ञान मात्र सिडनीच्या कपाटात राहिलं. गुप्ततेचा हट्ट कोणत्या माणसाचा होता हे शोधण्यात मला अर्थ वाटत नाही. रॉकेट लष्करी होतं, टेलिमेट्री म्हणजे मोजणी रेडिओने खाली पाठवण्याची यंत्रणाही त्याच घरातली. त्या घरात किल्ली बाहेर देण्याची रीतच नव्हती.

शून्याचा अर्थ

अमेरिकेची बाजू थोडक्यात पाहू, कारण तुलनेशिवाय प्रकरण पुरं होत नाही. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री एक्सप्लोरर-१ गेला. वजन जेमतेम १४ किलो. त्याच्यावर आयोवा विद्यापीठाच्या व्हॅन ॲलन यांचं एकच गायगर गणित्र होतं आणि याच्यावरही फीत नव्हती. पण कक्षा २,५५० किलोमीटरपर्यंत उंच जाणारी आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३३ अंशांत फिरणारी, म्हणजे थेट आतल्या पट्ट्यात. आणि भूभौतिकी वर्षासाठी दक्षिण अमेरिकेत आधीच उभारलेली केंद्रं खाली ऐकत होती.

नोंदी तुटक आल्या आणि चमत्कारिक आल्या. कमी उंचीवर आकडे अपेक्षेप्रमाणे, जास्त उंचीवर चक्क शून्य. २६ मार्चला गेलेल्या एक्सप्लोरर-३ वर मात्र जॉर्ज लडविग यांनी बनवलेला इवलासा टेप रेकॉर्डर होता आणि तो चालला. एका पूर्ण फेरीची नोंद हातात आल्यावर व्हॅन ॲलन यांनी वॉशिंग्टनमध्ये दुकानातून आलेखाचा कागद विकत घेतला आणि हॉटेलच्या खोलीत बसून पहाटे तीनपर्यंत बिंदू मांडले. आकडे चढत जातात, चढत जातात, मग एकदम शून्य, आणि उतरताना पुन्हा तसंच उलट. तिकडे प्रयोगशाळेत कार्ल मॅकिलवेन यांनी तसंच गणित्र क्ष-किरणांच्या माऱ्याखाली धरून दाखवलं की मारा फार झाला की ते गुदमरतं आणि मोजायचं थांबतं. शून्य म्हणजे कण नाहीत असं नव्हे. कण इतके आहेत की मोजणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, असा त्याचा अर्थ होता.

चाचणी दालनातला गोंगाट

आता परत ऑब्जेक्ट डीकडे. दोन वर्षं रखडलेला हा उपग्रह २७ एप्रिल १९५८ ला पहिल्यांदा उडाला. दीड मिनिटाच्या आसपास कंपनं वाढत जाऊन रॉकेटचे तुकडे झाले. व्हॅन ॲलन यांच्या घोषणेला तेव्हा चार दिवस उरले होते. ते उड्डाण यशस्वी झालं असतं तरी चार दिवसांत नोंदी उतरवून, उलगडून, अर्थ लावून जाहीर करणं कोणालाच शक्य नव्हतं. पण निदान दोन्ही शोध शेजारीशेजारी उभे राहिले असते.

दुसरा नग तयार होता. त्याच्या चाचण्यांमध्ये रेकॉर्डर नीट चालेना. सोव्हिएत भूमीपासून दूर असताना जमवलेली मोजणी साठवून ठेवायची आणि केंद्रांवर आल्यावर ओतायची, हे त्याचं काम. म्हणजे स्पुतनिक-२ च्या दुखण्यावरचा हाच उपाय होता. तो बनवणाऱ्या मॉस्को ऊर्जा संस्थेच्या गटाचे प्रमुख अलेक्सेई बोगोमोलोव्ह यांचं म्हणणं पडलं की दोष रेकॉर्डरचा नाही. दालनात एवढी विजेची यंत्रं चालू असतात, त्यांच्या गोंगाटाने तो बिथरतो, वर गेला की शांत होईल. कोरोल्योव्ह यांनी ते मानलं आणि उड्डाणाला हिरवा कंदील दिला. रेकॉर्डर वर जाऊनही शांत झाला नाही, किंवा कायमचाच शांत झाला, म्हणा.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण विजेच्या गोंगाटाचं कारण दरवेळी खोटं नसतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय निरीक्षण १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं होतं, कारण ट्रामच्या प्रवाहाने सुया नाचल्या असत्या. तिथे मात्र आधी उपकरण शांत जागी नेऊन खात्री करून घेतली. तुराताम या उड्डाणतळावरच्या दालनात शंका खरी की खोटी हे तपासायला रेकॉर्डर दुसरीकडे नेऊन चालवून बघता आला असता. त्याला काही दिवस लागले असते. दोन आठवड्यांपूर्वी एक रॉकेट फुटलेलं, अमेरिकेचे उपग्रह फिरत असलेले, वरून रोज विचारणा. त्या काही दिवसांची किंमत तेव्हा फार मोठी वाटली असणार. मला कोरोल्योव्ह यांचा निर्णय चुकीचा वाटतो, पण समजू शकतो. खटकतं ते वेगळंच. रेकॉर्डर गेला तर नुकसान होणार होतं केल्डिश यांच्या शास्त्रज्ञांचं, आणि निर्णय झाला रॉकेटवाल्यांमध्ये.

प्रचारात मात्र कसलीच कसर राहिली नाही. अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ दीड किलोचाही नव्हता. क्रुश्चेव्ह यांनी त्याची पपनस म्हणून टर उडवली होती, आणि आता त्यांच्याकडे साडेतीन मीटर लांबीचा, टनाहून जड शंकू होता. गंमत अशी की ते पपनस आजही कक्षेत फिरतंय.

बहिऱ्या उपग्रहाने काय दिलं

आता खरी गोष्ट. रेकॉर्डर नसतानाही स्पुतनिक-३ वाया गेला नाही, आणि किस्सा सांगणारे नेमकं हेच विसरतात.

सोव्हिएत भूमीवरून जाताना थेट मिळणारी मोजणी उरली होती. ती उत्तरेकडच्या पट्टीतली, म्हणजे जिथे बाहेरच्या पट्ट्याची शिंगं खाली येतात नेमकी तिथली. व्हेर्नोव्ह आणि चुडाकोव्ह यांचं उपकरण या खेपेला गायगर गणित्र नव्हतं. सोडियम आयोडाइडचा स्फटिक आणि त्यातली चमक टिपणारी नळी, असं ते सिंटिलेशन गणित्र होतं. ते कणांची संख्या तर मोजायचंच, शिवाय स्फटिकात एकूण किती ऊर्जा पडली तेही नळीच्या प्रवाहावरून सांगायचं. मारा कितीही वाढला तरी हा दुसरा आकडा गुदमरत नव्हता. ज्या जागी अमेरिकेचं गणित्र शून्य दाखवून मुकं झालं होतं, तिथे हे बोलत राहू शकत होतं. उपकरण म्हणून पाहिलं तर सोव्हिएत गणित्र सरस होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यातून दिसलं की उत्तरेकडच्या पट्टीत कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा आहे, आणि तो विषुववृत्ताकडच्या भेदक कणांहून वेगळा आहे. म्हणजे दोन निरनिराळे प्रदेश. इथे मला या प्रकरणाचं मर्म सापडतं. अमेरिकनांचे एक्सप्लोरर ३३ अंशांत फिरत होते आणि केंद्रं विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना होती, म्हणून त्यांना आतला पट्टा आधी सापडला. सोव्हिएत केंद्रं उत्तरेत होती, म्हणून त्यांना बाहेरचा नीट ओळखता आला. निसर्गात दोन्ही होते. ज्याला आपल्या अंगणातून जो ऐकू आला, तो त्याचा शोध ठरला.

आणखी एक सुदैव. उपग्रहावर ‘मयाक’, म्हणजे दीपगृह, नावाचा छोटा प्रेषक होता. २०.००५ मेगाहर्ट्झवर तो सतत संकेत देत राहायचा. बाकीच्या यंत्रणेच्या बॅटऱ्या संपल्या तरी तो सौर घटांवर चालत राहिला आणि ६ एप्रिल १९६० रोजी उपग्रह वातावरणात जळेपर्यंत बोलत होता. सिंटिलेशन गणित्राची मोजणी याच मयाकच्या संकेतांत गुंफलेली होती, त्यामुळे इतर भूभागांवरून मिळालेल्या संकेतांतूनही विषुववृत्ताकडच्या वाढीचा माग लागला. मोठ्या रेकॉर्डरने दगा दिला आणि या किरकोळ दिव्याने हात दिला.

जुलै-ऑगस्ट १९५८ मध्ये भूभौतिकी वर्षाच्या समितीची बैठक मॉस्कोत भरली. तिथे सोव्हिएत निष्कर्ष मांडले गेले. आतल्या पट्ट्यात इतके भेदक प्रोटॉन येतात कुठून, याचं उत्तरही व्हेर्नोव्ह आणि अलेक्सांद्र लेबेदिन्स्की यांनी सुचवलं. विश्वकिरण हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन उडतात. न्यूट्रॉनला भार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही, तो सरळ वर जातो. पण मोकळा न्यूट्रॉन काही मिनिटांत फुटतो, आणि वाटेत फुटला की त्यातून निघालेला प्रोटॉन जागच्या जागी सापळ्यात अडकतो. अमेरिकेत फ्रेड सिंगर स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. आतल्या पट्ट्याच्या जास्त ऊर्जेच्या प्रोटॉनांसाठी ही उपपत्ती आजही उभी आहे.

इतर उपकरणांपैकी शमाया डॉल्गिनोव्ह यांच्या चुंबकमापकाने भूचुंबकीय क्षेत्र कक्षेतून मोजलं. वादिम इस्तोमिन यांच्या वस्तुमान वर्णपटमापकाने दाखवलं की त्या उंचीवर आयनांमध्ये अणुरूप ऑक्सिजनचं राज्य आहे. कॉन्स्टंटिन ग्रिंगाउझ यांच्या जाळीदार गोल आयन-सापळ्यांनी आयनांबराचा वरचा भाग पहिल्यांदा थेट चाचपला.

ग्रिंगाउझ यांचं पुढे जे झालं ते याच गोष्टीचं धाकटं भावंड आहे. १९५९ च्या, चंद्राकडे पाठवलेल्या लुना यानांवरच्या त्यांच्या सापळ्यांत दिसलं की पृथ्वीपासून काही त्रिज्यांवर थंड आयनांची घनता एकाएकी कोसळते. त्यांनी ते छापलंही. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९६३ मध्ये डॉन कारपेंटर यांनी विजांपासून निघणाऱ्या शिट्टीसारख्या रेडिओ लहरींवरून तीच सीमा दाखवली, तेव्हा कुठे तिला मान्यता मिळाली. या वेळी फीत, केंद्र, संकेत सगळं जागेवर होतं. फक्त ऐकणाऱ्यांचे कान तयार नव्हते.

नाव आणि पुढचा अध्याय

६ डिसेंबर १९५८ ला अमेरिकेचा पायोनियर-३ एक लाख किलोमीटरपर्यंत जाऊन परत पडला आणि त्याने दोन्ही पट्टे एकाच प्रवासात कापले. जानेवारी १९५९ मध्ये लुना-१ ही त्यातून गेलं. तोवर नाव पडून गेलं होतं. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने व्हेर्नोव्ह आणि चुडाकोव्ह यांना बाहेरच्या पट्ट्याच्या शोधासाठी लेनिन पारितोषिक दिलं. रशियन पुस्तकांत बहुधा कोणाचंच नाव न जोडता नुसतं ‘पृथ्वीचे प्रारण पट्टे’ लिहितात.

सुरुवातीच्या त्या अपुऱ्या ऐकण्यावर इलाज झाला तो टप्प्याटप्प्याने. १९६० च्या सुमारास टेलिमेट्रीची जहाजं समुद्रावर जाऊ लागली. व्हेर्नोव्ह यांनी जे फुग्यांसाठी कधीच केलं होतं ते आता उपग्रहांसाठी झालं. दरम्यान पट्ट्यांचा अभ्यास केवळ कुतूहलाचा राहिला नव्हता. माणसं कक्षेत जाऊ लागली होती आणि त्यांना किती मारा बसेल हे माहीत असणं भाग होतं. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. त्यातल्या इलेक्ट्रॉनांनी एक कृत्रिम पट्टाच तयार झाला आणि त्याने काही उपग्रह निकामी केले. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघानेही कझाकस्तानवर उंचावर स्फोट केले. मुळात नीट न मोजलेल्या गोष्टीत दोघांनीही माती कालवून ठेवली.

ती कालवाकालव मोजायला एकच उपग्रह पुरणार नव्हता. आतला आणि बाहेरचा पट्टा एकाच वेळी बघायचा तर दोन कक्षा हव्यात, हे स्पुतनिक-३ च्या अर्ध्यामुर्ध्या नोंदींनीच शिकवलं होतं. म्हणून ‘इलेक्ट्रॉन’ उपग्रहांची जोडी बनली. इलेक्ट्रॉन-१ सुमारे ७,१०० किलोमीटरपर्यंत जाणारा, इलेक्ट्रॉन-२ सुमारे ६८,००० किलोमीटरपर्यंत. एकाच रॉकेटवरून, पहिला वाटेत सोडून दुसरा पुढे नेत, त्यांना कक्षेत बसवलं. तारीख होती ३० जानेवारी १९६४. ऑब्जेक्ट डीच्या आदेशावर सही झाली त्याला त्या दिवशी बरोबर आठ वर्षं झाली होती.